अलीकडे बघितलेले सिनेमे आणि त्यावरून मला सतत येणारे प्रश्न

सिनेमा बघून आले की सोसायटीतले, ऑफिसातले, नात्यातले सगळे विचारतात कसा होता, जाऊ का, मुलांना नेऊ का, आणि प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात म्हणून म्हटलं एकदाच बसून नीट लिहून काढावं. यातले बरेचसे सिनेमे २०२३ ते २०२५ मधले आहेत. मतं पूर्णपणे माझी, आणि कुठल्याच सिनेमाचा शेवट सांगितलेला नाहीये, तेव्हा बिनधास्त वाचा.

१. ताई, आज रात्री बघायला एकच पिक्चर सांग ना, जास्त डोकं लावायचं नाहीये.

'लापता लेडीज'. किरण रावचा, २०२४ चा, नेटफ्लिक्सवर आहे. दोन नवऱ्या मुली, दोघींचे घुंगट सारखेच, रेल्वेत अदलाबदल होते आणि मग पुढे सगळा गोंधळ. हलकाफुलका आहे पण पोकळ अजिबात नाही, स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई म्हणजे आपली छाया कदम, तिचे चार-पाच सीन आहेत आणि त्या सीनमध्ये ती एका बाईला स्वतःच्या पैशाची किंमत शिकवते, तेही कलाकंद करायला लावून. रवी किशनचा पान चघळणारा पोलीसवाला पण भारी. घरात कोणीही बसलेलं असू दे, हा सिनेमा सगळ्यांना चालतो.

२. तू स्टार का देत नाहीस? चांगला-वाईट ठरवतेस तरी कशावरून?

स्टार देऊन काय कळतं? साडेतीन स्टारवाला सिनेमा तुम्हाला आवडेल की नाही हे त्या साडेतीनमधून कसं समजणार. मी एकच गोष्ट बघते, या सिनेमानं माझ्यावर विश्वास ठेवला का. म्हणजे पडद्यावर एखादी आई गप्प बसलीये, तर तिच्या मनात काय चाललंय हे मला माझं समजू देतायत का, की ती गप्प बसायच्या आधीच व्हायोलिन सुरू करून "आता रडा" असं सांगतायत. आपल्याकडे बॅकग्राउंड म्युझिकचा वापर फार धाकानं होतो, प्रेक्षकाला स्वतःचं काही वाटूच द्यायचं नाही असं, आणि मग संवादातही तेच, जे दिसलं ते परत बोलून दाखवायचं. ज्यानं हे टाळलं त्याच्या बाकीच्या शंभर चुका मी पोटात घालते. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीवरून तपासून बघा, माझी मतं कुठून येतायत ते कळेल.

३. 'साबर बोंडं' बघावा का? खूप स्लो आहे म्हणतात.

बघाच, आणि शक्यतो एकट्यानं किंवा गप्प बसणाऱ्या माणसाबरोबर बघा.

रोहन कानवडेचा पहिला मोठा सिनेमा. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला याला वर्ल्ड सिनेमा विभागातलं ग्रँड ज्युरी प्राईझ मिळालं आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे थेटरात लागला. गोष्ट अशी की वडील गेलेत, मुंबईत राहणारा आनंद आईला घेऊन गावी येतो, दहा दिवसांचं सुतक आहे, घरात पाहुणे, भावकी, तेच ते प्रश्न, लग्न कधी करणार, एवढा मोठा झाला, पोरगी बघू का. आनंदला मुलगे आवडतात आणि हे त्याच्या आईला माहितीये. गावात त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, शेती बघणारा, त्याच्याही मागे लग्नाचा तगादा. बस, एवढंच.

याला बॅकग्राउंड म्युझिक नाहीच. कोंबडी, वारा, लांबून येणारा बोलण्याचा आवाज, एवढ्यावर सिनेमा उभा आहे, त्यामुळे पहिली वीस मिनिटं थोडं अवघडल्यासारखं होतं कारण आपल्याला सवय नाहीये, पण एकदा कान लागला की मग घराच्या ओट्यावर कोण कुठे बसलंय, कोण कोणाकडे बघायचं टाळतंय, हे सगळं दिसायला लागतं. आईचं काम जयश्री जगताप यांनी केलंय आणि ते मला गेल्या काही वर्षांतलं मराठीतलं सगळ्यात खरं काम वाटतं. ही आई भाषण देत नाही, "मी तुझ्या पाठीशी आहे" वगैरे काही नाही, ती फक्त नातेवाइकांच्या प्रश्नांच्या आणि मुलाच्या मध्ये येऊन उभी राहते, लग्न का नाही याचं काहीतरी कारण सांगून मोकळी होते. अशा बाया मी आमच्या घरात बघितल्यात, त्यांना सिनेमात कोणी जागा देत नव्हतं.

स्लो म्हणाल तर हो, शॉट लांब आहेत, कॅमेरा बराच वेळ हलत नाही. पण सुतकातले दहा दिवस कसे असतात ते ज्याने काढलेत त्याला तो वेग बरोबरच वाटेल. माझ्या शेजारी बसलेले एक काका इंटरव्हलला "काही होतच नाहीये" म्हणाले, आणि शेवटी लाईट लागले तेव्हा तेच सगळ्यात उशिरा उठले.

४. मग तुला धमाल, वेगवान काही आवडतच नाही का?

आवडतं की! 'वाळवी' मी ज्याला त्याला बघायला लावलाय. परेश मोकाशीचा, २०२३ च्या जानेवारीत आला, सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. नवरा आणि त्याची प्रेयसी मिळून बायकोचा काटा काढायचा प्लॅन करतात आणि पुढे जे होतं ते सांगण्यात अर्थ नाही. अनिता दाते काय काम करते त्यात! वेग आहे पण प्रेक्षकाला बावळट समजलेलं नाही, जी गोष्ट पहिल्या अर्ध्या तासात सहज दाखवली ती शेवटी कामाला येते आणि कोणी येऊन आठवण करून देत नाही.

दुसरा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव', रीमा कागतीचा, २०२५. हिंदी असला तरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. यंत्रमागांच्या गावात काही पोरं स्वतःचे पैसे घालून, गावातल्याच लोकांना घेऊन 'शोले'चं मालेगावी रूप काढतात, हे खरंच घडलेलं आहे, नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांची गोष्ट. सिनेमावर प्रेम असणाऱ्या माणसानं हा चुकवू नये. विनीत कुमार सिंगनं लेखकाची भूमिका केलीये आणि लेखकाला श्रेय मिळत नाही या त्याच्या रागात मला फार तथ्य वाटलं, आपल्याकडे पोस्टरवर लेखकाचं नाव शोधायला आजही भिंग लागतं.

५. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाईट' हा अवॉर्डवाला पिक्चर आम्हाला कळेल का? आणि तो मराठी आहे की मल्याळम?

मल्याळम, हिंदी आणि मराठी, तिन्ही आहे त्यात, जशी मुंबई आहे तशीच. दिग्दर्शक पायल कपाडिया आपल्या पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, शिकलेली. २०२४ ला फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला या सिनेमाला ग्रां प्री हे बक्षीस मिळालं, आणि मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तब्बल ३० वर्षांनी पोचला होता.

कळण्याचं म्हणाल तर न कळण्यासारखं त्यात काहीच नाहीये. मुंबईच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या दोन मल्याळी नर्स, प्रभा आणि अनू, एका खोलीत राहतात. प्रभाचा नवरा जर्मनीत, फोन येत नाही, आणि एक दिवस पार्सलमधून राईस कुकर येतो. त्याच हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पार्वती आहे (परत छाया कदम, या बाईनं ही दोन-तीन वर्षं गाजवलीत), वर्षानुवर्षं राहिलेलं घर बिल्डर खाली करायला लावतोय आणि तिच्या नावाचा एकही कागद नाही कारण सगळे व्यवहार नवऱ्याने केले. मग ती रत्नागिरीकडे आपल्या गावी परत जायचं ठरवते, बाकी दोघी सोडायला जातात. पहिला भाग निळा, पावसाळी, गर्दीचा, आणि दुसरा भाग समुद्राचा, उघडा.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? सुरुवातीला मुंबईत बाहेरून आलेल्या लोकांचे नुसते आवाज ऐकू येतात, कोण कुठून आलं, किती वर्षं झाली, आणि दिग्दर्शिकेला बोलणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड दाखवायची गरज वाटलेली नाही. पुण्यात राहणाऱ्या आपल्यालाही ते लागू आहे. हिंजवडीला जाणारी बस असो की मार्केट यार्डातले हमाल असोत, अर्धं शहर दुसरीकडून आलेलं आहे आणि आपण त्यांना "किती वर्षं झाली इथे" एवढंही विचारत नाही.

एक सूचना. यात काही प्रसंग मोठ्यांसाठीचे आहेत, मुलांना घेऊन बसू नका. मुलांसाठी ७ वा प्रश्न बघा.

६. 'दशावतार' एवढा चालला, तुला आवडला का? आणि 'छावा'वर गप्प का आहेस?

'दशावतार' आवडला, पण पूर्ण नाही. दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांनी हा रोल केलाय, आणि डोळे अधू होत चाललेला दशावतारी कलावंत, नाटक सोड म्हणून मागे लागलेला मुलगा, त्या दोघांमधली माया, हा पूर्वार्ध मी परत थेटरात जाऊन बघेन. रात्रीचं देवळासमोरचं नाटक, तोंडाला रंग लावतानाचा बाबुली, मालवणी बोलणं, ते सगळं आतून आलेलं आहे. उत्तरार्धात सूडकथा सुरू होते आणि तिथे प्रत्येक अवताराचं कौतुक म्युझिकनं इतकं ओरडून केलंय की माझं मन थोडं बाजूला झालं. पण कोकणातल्या डोंगरावर खाण आली तर काय जाईल हा प्रश्न एवढ्या लोकांपर्यंत पोचला, आणि थेटरं भरली, याचा आनंद मला त्या तक्रारीपेक्षा मोठा आहे.

'छावा'वर गप्प नाहीये, लोक उत्तर पूर्ण ऐकत नाहीत म्हणून बोलत नव्हते. विकी कौशलनं जीव ओतलाय, शेवटचा भाग बघताना माझ्या थेटरात कोणी हललं नाही, मीही नाही. माझं दुखणं वेगळं आहे. संभाजी महाराज संस्कृत जाणणारे होते, 'बुधभूषण' त्यांच्या नावावर आहे, आणि हा वाचणारा, लिहिणारा राजा मला पडद्यावर जवळजवळ दिसलाच नाही, लढाईमागून लढाई आणि त्यावर कान फाटतील असा आवाज. तुळापूर पुण्यापासून इतकं जवळ, भीमा-इंद्रायणीच्या संगमावर, तिथे गेलं की जी शांतता जाणवते ती सिनेमात हवी होती. आदर कमी आहे म्हणून हे म्हणत नाहीये, आदर आहे म्हणूनच एवढी अपेक्षा आहे.

७. मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन काय बघू?

'नाळ २' (२०२३), राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरलेला. पहिला 'नाळ' आधी बघितला तर जास्त मजा. आजी-आजोबांसाठी सुजय डहाकेचा 'श्यामची आई', तोही २०२३ चाच, ब्लॅक अँड व्हाईटमध्ये काढलाय. अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई', ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तो ज्यांनी लहानपणी बघितलाय त्यांच्याबरोबर हा बघा, नंतर घरात जी चर्चा होते ती सिनेमाइतकीच छान असते. जरा मोठी मुलं, आठवी-नववीची, असतील तर 'आत्मपॅम्फ्लेट', शाळेतलं प्रेम आणि बाहेर बदलत जाणारा देश, दोन्ही एकत्र, आणि मुलं खूप हसतात.

८. सबटायटल वाचत बसायचा कंटाळा येतो, डब केलेला बघितला तर काय बिघडलं?

आवाज हे नटाचं अर्धं काम असतं, ते काढून टाकलं की उरतं काय. मल्याळम 'ब्रमयुगम' (२०२४) घ्या, ब्लॅक अँड व्हाईट, जुना पडका वाडा, मोजकीच माणसं, आणि मामुट्टी नुसत्या हसण्यावर अंगावर काटा आणतो, ते हसणं दुसऱ्या कोणाच्या गळ्यातून आलं तर तो सिनेमा राहतच नाही. 'मंजुम्मेल बॉइज' या मल्याळम सिनेमाचंही तेच, २००६ मध्ये कोडाईकनालच्या गुणा केव्हजमध्ये पडलेल्या मित्राची खरी गोष्ट, त्या पोरांचं एकमेकांवर ओरडणं त्यांच्याच भाषेत ऐका. पंधरा मिनिटांत डोळे सरावतात.

अपवाद एकच, वयस्कर माणसांना भराभर वाचता येत नसेल तर डब लावा आणि अजिबात वाईट वाटून घेऊ नका. माझ्या आईबरोबर मी तसंच बघते.

९. पुण्यात जुने किंवा बाहेरच्या देशांतले सिनेमे मोठ्या पडद्यावर कुठे बघायला मिळतात?

सगळ्यात आधी लॉ कॉलेज रोडचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ मध्ये सुरू झालं, पी. के. नायर यांनी एकेक रीळ गोळा करून उभं केलं, आणि इतक्या पुणेकरांनी तो बोर्ड रोज बघून आत पाऊल टाकलेलं नसतं याचं मला फार वाईट वाटतं. फिल्म क्लबांचे शो तिथे होतात, चौकशी करा. जवळच एफटीआयआय, म्हणजे जुना प्रभात स्टुडिओ, 'संत तुकाराम' (१९३६) जिथे बनला ती जागा.

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, जब्बार पटेल ज्याचे संचालक आहेत तो. रजिस्ट्रेशन करून पास घ्यायचा आणि लवकर जाऊन रांगेत उभं राहायचं, चांगल्या सिनेमाला जागा मिळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दिवसाला दोनच बघावेत, चार-पाच बघितले की संध्याकाळी सगळ्यांची सरमिसळ होते.

१०. रीरिलीज झालेले पिक्चर तिकीट काढून बघण्यात काय अर्थ, मोबाईलवर आहेत की.

'तुंबाड' मोबाईलवर बघितला असेल तर तो बघितलेलाच नाहीये असं मी सरळ सांगते. २०१८ मध्ये आला तेव्हा लोक गेले नाहीत, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. राही अनिल बर्वेनं त्यात जो पाऊस पकडलाय तो कित्येक पावसाळे थांबून पकडलाय, अंधारातला वाडा, ओला चिखल, ते काळं-हिरवं सगळं पाच इंचात काळं ठिक्कर दिसतं. शिवाय गोष्टीतला विनायक राहतो पुण्यात, त्यामुळे आपल्याला आणखी जवळचा.

मात्र प्रत्येक रीरिलीजला पळू नका. ज्याची ताकद फक्त संवादात आहे तो घरी बघितला तरी चालतो, आवाज आणि अंधार यावर उभा असलेला मात्र थेटरातच.

११. घरात स्मृतिभ्रंशाचा पेशंट आहे. 'थ्री ऑफ अस' बघू का, की त्रास होईल?

हा प्रश्न मला बऱ्याच जणींनी विचारलाय म्हणून काळजीपूर्वक लिहितेय. अविनाश अरुणचा सिनेमा आहे, 'किल्ला'वाला. शेफाली शाहची शैलजा, विसरायला सुरुवात झालीये, पूर्ण विसरायच्या आधी तिला लहानपणीचं वेंगुर्ला परत बघायचंय. नवरा, म्हणजे स्वानंद किरकिरे, सोबत जातो, आणि तिथे तिचा शाळेतला मित्र, जयदीप अहलावत, भेटतो.

यात हॉस्पिटल नाही, आरडाओरडा नाही, आजाराचे पुढचे कठीण टप्पे दाखवलेले नाहीत. त्यामुळे पेशंट सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर सांभाळणाऱ्याला हा सिनेमा आधार देतो असा माझा अनुभव, विशेषतः नवऱ्याचं पात्र, जो बायकोच्या भूतकाळात स्वतःला जागा नाही हे समजूनही हात सोडत नाही. पण रात्र-रात्र जागून सांभाळणं चालू असेल तर आत्ता नका बघू. हा सिनेमा हळुवार आहे आणि घरातलं वास्तव त्यापुढे जास्त टोचेल. पेशंटबरोबर एकत्र बसून बघायचा तर मी नाहीच म्हणेन.

१२. मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, त्याला 'होमबाउंड' दाखवू का?

त्यालाच विचारा. नीरज घायवानचा २०२५ चा सिनेमा, गावाकडचे दोन मित्र, एक दलित, एक मुस्लिम, पोलीस भरतीची परीक्षा देतात, कारण वर्दी अंगावर आली की लोक नावावरून वागणूक ठरवणार नाहीत असं त्यांना वाटतं. निकाल लागत नाही, वय वाढतं, घरी पैसे हवेत, आणि मग २०२० चा लॉकडाऊन येतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलांचं आयुष्य त्यात जसंच्या तसं आहे, ती निकालाची वाट बघणं, गावाकडून आलेला "काय झालं रे" असा फोन. काही मुलांना आपलं कोणीतरी बोललं असं वाटतं, काहींना परीक्षेच्या आधी ते सहन होत नाही. आई-बाबांनी मात्र नक्की बघावा, आणि मुलाच्या आधी बघावा.

१३. मराठी आहे म्हणून वाईट सिनेमाही सपोर्ट करायचा का?

नाही. मराठी आहे म्हणून मार्क वाढवून देणं हा त्या दिग्दर्शकाचा अपमान आहे, 'साबर बोंडं' किंवा 'वाळवी'ला अशा सवलतीची गरज नव्हती (३ आणि ४ बघा). वाईटाला वाईट म्हणा.

पण जो सिनेमा तुम्ही नाहीतरी बघणारच आहात तो "येईल ओटीटीवर" म्हणून ढकलू नका, मुद्दा हा आहे. मागे एका मल्टिप्लेक्सला मराठी सिनेमाचा एकच शो होता, सकाळी साडेनऊचा, नोकरी करणाऱ्या माणसाने जायचं कधी, आणि मग आठवड्याने म्हणायचं प्रेक्षक येत नाहीत म्हणून शो काढला. हे थांबवणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, पण पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या किती भरल्या यावरच पुढच्या आठवड्याचे शो ठरतात, म्हणून शुक्रवार ते रविवारच्या आत जा, तिकीट आदल्या दिवशी काढा, गैरसोयीची वेळ मिळाली तर थेटरच्या मॅनेजरला भेटून संध्याकाळचा शो मागा, चार-पाच लोकांनी मागितला तर कधीकधी मिळतो. आणि आवडला तर सोमवारची वाट न बघता त्याच रात्री ओळखीच्यांना फोन करा.